रास अल खोरच्या काठी पंधरा वर्षांची बाटली



आपल्या अंकात आजवर मलिद्यावर, पेसाहच्या तयारीवर, कोकणातल्या जुन्या मशिदींवर पुष्कळ लिहून आलं. या वेळी मी जरा वेगळा विषय घेतला आहे. जुनी स्पॅनिश लाल वाईन चांगली आहे की वाया गेली, हे कसं ओळखायचं? वाचून काही जण हसतील. "सिस्टर, आयुष्यभर इंजेक्शनं दिलीत, आता या वयात दारू शिकवता?" असंही कोणी म्हणेल. पण आधी गोष्ट ऐका, मग हसा.

आमच्या घरात एक बाटली होती. २०११ साली मी आणि आमचे हे बार्सिलोनाला फिरायला गेलो तेव्हा ह्यांनी ती विकत घेतली. बाटलीवर द्राक्षांचं साल होतं २००८, आणि त्याच साली आमचा नातू जन्मला. हे म्हणाले, "याच्या बार मित्स्वाला उघडू." बाटली बेर-शेवाच्या घरी चादरींच्या कपाटात, खालच्या खणात आडवी ठेवली. २०१९ साली हे गेले. २०२१ साली बार मित्स्वा झाली, पण कोरोनामुळे दहा-पंधरा माणसांतच उरकली, आणि त्या गडबडीत बाटलीची कोणाला आठवण राहिली नाही. मला होती. पण ह्यांच्याशिवाय ती उघडायचा धीर झाला नाही.

मुलगा नोकरीनिमित्त दुबईत असतो. २०२० च्या सप्टेंबरात करार झाला, नोव्हेंबरात सरळ विमानं सुरू झाली, म्हणून आता आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनाही तिथे जाता येतं. २०२३ च्या फेब्रुवारीत मी निघाले तेव्हा ती बाटली दोन जाड टॉवेलांत आणि एका जुन्या नऊवारीत गुंडाळून मोठ्या बॅगेत घातली. मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

खाडीचं डोकं

मुलाचं घर रास अल खोरला आहे. अरबीत 'रास' म्हणजे डोकं आणि 'खोर' म्हणजे खाडी. आपल्या हिब्रूतला 'रोश' आणि हा 'रास' सख्खे भाऊच. दुबईची खाडी जिथे आत जाऊन संपते ती ही जागा. एका बाजूला गाड्यांचे कारखाने आणि गोदामं, दुसऱ्या बाजूला पाणथळ अभयारण्य. सुमारे सहा चौरस किलोमीटरच्या या जागेला २००७ साली रामसर यादीत स्थान मिळालं. हिवाळ्यात इथे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, शेकड्यांनी उतरतात. मागे बुर्ज खलिफा आणि पुढे चिखलात एका पायावर उभे असलेले गुलाबी पक्षी. मला तर शिवडीची खाडीच आठवली. तशीच खारफुटी, ओहोटीला तोच वास. ज्यांचं बालपण ठाण्याला किंवा अलिबागकडे गेलं त्यांना हा वास सांगायला नको.

मुलांनो, रोहित पक्ष्याचं पिल्लू करडं असतं. खाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून रंग अंगात उतरतो आणि मग तो हळूहळू गुलाबी होतो. म्हणजे पक्ष्याचा रंग वयाप्रमाणे बदलतो. वाईनचाही बदलतो, पण उलट्या दिशेने. ते पुढे सांगते.

शेजारी

मुलाच्या शेजारी नाशिककडचं एक मराठी कुटुंब राहतं. तो गृहस्थ चाळिशीचा, दुबईच्या एका हॉटेलात वाईनचं काम बघतो. त्याआधी नाशिक जिल्ह्यात एका वाईनरीत सात वर्षं होता. आमच्या पिढीला नाशिक म्हणजे खायची द्राक्षं आणि मनुका एवढंच ठाऊक. तिथे सुलाच्या पहिल्या बाटल्या २००० साली निघाल्या, आणि दिंडोरी तालुक्यात चारोसाच्या मळ्यात तर टेंप्रानियो हे अस्सल स्पॅनिश द्राक्ष लावून त्याची वाईन केली, हे मला त्याच्याकडूनच कळलं. 'तेंप्रानो' म्हणजे लवकर. हे द्राक्ष लवकर पिकतं म्हणून त्याला हे नाव.

मी त्याला बाटली दाखवली. तो एकदम सावध झाला. "मावशी, ही तुम्ही कुठे ठेवली होतीत?" कपाटात, म्हटलं. "उन्हाळ्यात किती गरम होतं तिथे?" माझा चेहरा पडला. बेर-शेवाचा उन्हाळा आपल्याला माहीत आहे. वाईनला बारा-चौदा अंशांची थंडी मानवते, आणि आमच्या कपाटात पंखासुद्धा नव्हता.

तो म्हणाला, "घाबरू नका, आधी बाहेरून बघू." मग मी जशी सलाईनची बाटली लावण्याआधी सील, पातळी आणि तारीख बघायची, तसंच त्याने बघितलं. बूच वर सरकलंय का? सरकलं असेल तर उष्णतेने आतला द्रव फुगला होता असं समजायचं. गळ्याशी चिकट ओघळ आहे का? पातळी किती खाली गेली आहे? आमच्या बाटलीची पातळी थोडी उतरली होती, पण बूच जागेवर होतं. "आशा आहे," तो म्हणाला. डॉक्टर राउंडला म्हणायचे ना, अगदी तसं.

बुधवारपासून बाटली उभी करून ठेवली, म्हणजे गाळ तळाशी बसेल. शुक्रवारी दिवे लावण्याआधी उघडायचं ठरलं.

हात लावायचा प्रश्न

आणि इथे अडचण आली. बाटली कोशेर होती. स्पेनमध्ये कातालोनियातल्या कापसानेस नावाच्या लहानशा गावची. तिथल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था १९३३ पासूनची. १९९५ साली बार्सिलोनाच्या ज्यू समाजाने त्यांना कोशेर वाईन करून द्याल का म्हणून विचारलं. त्यासाठी थोडी द्राक्षं वेगळी घेऊन वेगळ्या टाक्यांत रस आंबवावा लागणार होता, तशी यंत्रं त्यांनी आणली. त्यामुळे त्यांची बाकीची वाईनही सुधारली आणि गावाचं नाव झालं. कोशेर वाईनचं नाव त्यांनी ठेवलं 'पेराह हाअवीव', स्पॅनिशमध्ये 'फ्लोर दे प्रिमावेरा', म्हणजे वसंताचं फूल. गार्नाचा आणि कारिन्येना ही त्या डोंगरातली जुनी द्राक्षं तिच्यात असतात. गंमत बघा, द्राक्षं त्या शेतकऱ्यांची, तळघर त्यांचं, पण द्राक्ष चिरडल्यापासून बूच लागेपर्यंत त्या वाईनला हात लावायचा तो शब्बाथ पाळणाऱ्या ज्यूनेच.

आमच्या बाटलीवर 'मेवुशाल' हा शब्द नव्हता. मेवुशाल म्हणजे तापवलेली वाईन. ती कोणीही ओतली तरी चालते. न तापवलेली उघडी वाईन ज्यू नसलेल्या माणसाने ओतली तर पाळणारे लोक ती पीत नाहीत. माझा मुलगा फार कडक नाही, पण सून पाळते, आणि घर तिचं आहे.

म्हणजे जाणकार माणूस समोर बसलेला आणि त्यालाच म्हणायचं, बाबा रे, हात लावू नकोस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मीच सांगितलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मावशी, आमची आजी सोवळ्यात असली की मला तिच्या पाण्याच्या कळशीला शिवू देत नसे. मी तिचा सख्खा नातू. बाटली तुम्ही उघडा, मी सांगतो कशी ते."

नातू ऐकत होता. त्याने हिब्रूत विचारलं, "सावता, त्याचे हात घाण आहेत का?"

काय उत्तर देणार? त्याला म्हटलं, नाही. हा नियम फार जुना आहे, मूर्तीपुढे वाहिलेली वाईन आपल्या पेल्यात येऊ नये म्हणून केलेला. घाणीचा त्याच्याशी संबंध नाही. पण त्याला दुसरीही गोष्ट सांगितली, कारण ती त्याला कोणी शाळेत सांगणार नाही. १९६२ साली रब्बींच्या कचेरीने बेने इस्राएलांच्या लग्नांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करायचा फतवा काढला. आम्ही खरे ज्यू की नाही हाच प्रश्न! माझी मावशी तेव्हा इथे नवीन आली होती. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमला आपले लोक धरणं धरून बसले त्यांत ती होती. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने ठराव करून आपण सर्व बाबतींत ज्यू आहोत असं जाहीर केलं, तेव्हा कुठे तो फतवा बदलला. आणि फार लांब कशाला, २०१८ साली इस्रायलमधल्या एका मोठ्या वाईनरीत इथिओपियाहून आलेल्या ज्यू कामगारांना वाईनपासून दूर ठेवलं होतं, कारण कोणा कडक मंडळींना त्यांच्या ज्यूपणाबद्दल शंका! वर्तमानपत्रांत बोंब झाली.

"म्हणून," मी म्हटलं, "नियम पाळायचा तर पाळ. पण ज्याला दूर बसवतोस त्याच्याकडे बघून पाळ. आपणही तिथे बसून आलो आहोत."

डोळे, नाक, जीभ

आता परीक्षा. शेजाऱ्याने मोबाईलचा टॉर्च धरला, बाटली मी धरली. जुनं बूच मऊ पडलेलं असतं, म्हणून स्क्रू सरळ घालून हळू ओढायचं. बूच निघालं, अर्धं भिजलेलं पण अखंड. मग काचेच्या भांड्यात एका धारेने ओतायचं आणि बाटलीच्या गळ्यामागे उजेड ठेवायचा. गाळ गळ्याशी आला की थांबायचं. तळाची दोन बोटं वाईन सोडून द्यायची. गाळ म्हणजे खराबी नव्हे. रंग आणि तुरटपणा एकमेकांना धरून जड होतात आणि खाली बसतात.

*डोळे.* पेला एक तृतीयांशच भरायचा आणि पांढऱ्या कापडावर तिरका धरायचा. कोवळी लाल वाईन जांभळट दिसते. वय वाढतं तसा तो जांभळेपणा जातो, आधी माणकासारखा लाल, मग विटेसारखा, आणि कडेला नारिंगी. शेवटी चहासारखी तपकिरी झाली तर आटोपलं. आमच्या पेल्यात मध्ये लाल आणि कडेला वीट होती. रक्ताचा डाग जुना होताना बघितलेल्या माणसाला हे समजावं लागत नाही. दोन्हीकडे काम हवेचंच.

*नाक.* पेला न हलवता एकदा हुंगायचा, मग गोल फिरवून पुन्हा. आधी रोग शोधायचे. व्हिनेगरचा किंवा नखांचं पॉलिश काढायच्या औषधाचा वास आला तर आंबली. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरसट तळघराचा वास आला तर बूच खराब. शिजलेल्या मुरंब्याचा वास आला तर उष्णतेने मेली. यातलं काही नसेल तर मग गुण शोधायचे. पहिले वास फळाचे, दुसरे पिंपाचे, तिसरे वयाचे. शेजारी म्हणाला, "मावशी, पुस्तकातलं सांगू नका, तुमच्या घरातलं सांगा." मी डोळे मिटले. सुकं अंजीर. खजुराची बी. लवंग. आणि वडिलांचा सागवानी पेटारा उघडला की यायचा तो वास. मुरंब्याचीही थोडी शंका आली. बेर-शेवाचा उन्हाळा लागला होता तो तेवढा.

*जीभ.* लहान घोट तोंडात सगळीकडे फिरवायचा. जिभेचा अमुक भाग गोडाचा, तमुक आंबटाचा हे आम्हाला शिकवलेलं चित्र चुकीचं ठरलं आहे. सगळी जीभ सगळं चाखते. तीन गोष्टी बघायच्या. पहिली आंबटपणा: तोंडाला पाणी सुटतं का? त्यानेच वाईन टिकते. दुसरी तुरटपणा: कच्चं केळं किंवा हिरडा खाल्ल्यावर हिरड्या आवळतात तसं. आपल्या मराठीत 'तुरट' हा नेमका शब्द आहे, त्यामुळे अर्धा अभ्यास आपला आधीच झालेला. कोवळ्या वाईनमध्ये तो खरखरीत असतो, वयाने मऊ पडतो. तिसरी ऊब: घशाशी जाळ नको. शेवटी गिळल्यावर चव किती वेळ राहते ते मोजायचं. मी सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, नाडी मोजतात तसं. नऊ सेकंद. ज्यांचा हा धंदा आहे ते लोक घोट थुंकून टाकतात, नाहीतर दिवसाला चाळीस पेले चाखणार कसे?

निकाल? शेजाऱ्याने आपल्या पेल्यातला घोट घेतला, जो मी ओतून दिला होता, आणि खोटं बोलला नाही. "मावशी, पाच वर्षांपूर्वी ही फार छान असती. आता थकली आहे. फळ विरळ झालंय, आंबटपणा शाबूत आहे, तुरटपणा रेशमासारखा. जिवंत आहे. पण आज रात्रीच संपवा, उद्या काही उरणार नाही."

पाच वर्षांपूर्वी म्हणजे हे होते तेव्हा. मी काही बोलले नाही. सुनेने दिवे लावले, मुलाने किद्दुश म्हटला, आणि शहाऐंशी मिलिलिटरचा तो पेला आम्ही वाटून घेतला. नातवाला वासापुरताच दिला. जेवण संपेस्तोवर भांड्यातल्या वाईनचा वास खरंच विझत गेला. अंजीर गेलं, लवंग गेली, पेटारा तेवढा राहिला.

घेताना काय वाचावं

स्पेनच्या बाटल्यांवर, विशेषतः रिओहा भागाच्या, वयाचे शब्द असतात. 'क्रिआन्सा' म्हणजे दोन वर्षं, त्यातलं एक ओकच्या पिंपात. 'रेसेर्व्हा' म्हणजे तीन वर्षं, त्यातलं निदान एक पिंपात. 'ग्रान रेसेर्व्हा' म्हणजे पाच वर्षं, त्यातली निदान दोन पिंपात. पिंप २२५ लिटरचं. लाकडातून अगदी थोडी हवा आत जाते आणि वाईन शांत होते. 'क्रिआन्सा' शब्दाचा मूळ अर्थ संगोपन, मूल वाढवणं. नर्सच्या कानाला हा शब्द आवडला. पण ध्यानात ठेवा, शब्द हमी देत नाही. पुढे आपण कपाटात कशी ठेवतो त्यावर सगळं. घरात थंड जागा नसेल तर दोन-तीन वर्षांत उघडून टाकावी हे बरं.

दुबईत एकवीस वर्षांखालच्यांना मद्य चालत नाही. दारूवरचा तीस टक्के कर २०२३ च्या जानेवारीत काढला होता, तो २०२५ च्या जानेवारीत परत लावला. आणि शेजारच्या शारजात तर मद्याला बंदीच आहे, तेव्हा बाटली घेऊन तिकडे जाऊ नका.

आता सिस्टरचं ऐका. लाल वाईन हृदयाला चांगली म्हणून औषधासारखी घेऊ नका. २०२३ सालीच जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की दारूचं अमुक इतकं प्रमाण निर्धोक असं काही नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, साखरेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटही नको. किद्दुश द्राक्षरसावरही होतो.

मुलांसाठी: मनुकांचं शरबत

आमच्या आज्यांकडे वाईन कुठे होती? मुंबईत तर १९४९ पासून दारूबंदीचा कायदा. आपला किद्दुश काळ्या मनुकांच्या शरबतावर व्हायचा. दोन मुठी काळ्या मनुका स्वच्छ धुवा. चार पेले पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात दहा मिनिटं उकळा. (गॅसपाशी मोठं माणूस हवं.) गार झाल्यावर हाताने कुस्करा, फडक्यातून गाळा. साखर नको. मग पेला पांढऱ्या कापडावर धरून रंग बघा, डोळे मिटून हुंगा, आणि कशाचा वास आला ते आजी-आजोबांना मराठीत सांगा. इंग्रजी आणि हिब्रू शब्द बाद!

पुढच्या शुक्रवारी मी रास अल खोरला हेच शरबत केलं. सगळे टेबलाशी बसले तेव्हा नातू एकदम म्हणाला, "सावता, हे तर उकळलेलं आहे. म्हणजे मेवुशाल!" सुनेने विचार केला आणि मान डोलावली. तुम्ही मात्र तुमच्या रब्बींना विचारा, मी नर्स आहे. आजीने उकळताना हा विचार केला होता असं मला वाटत नाही. तिचं म्हणणं एवढंच की उकळलं की बिघडत नाही. पण त्या संध्याकाळी नातवाने तांब्या उचलून शेजाऱ्याच्या हातात दिला, आणि त्याने आम्हा सगळ्यांचे पेले भरले. आधी माझा.

बाटली मी रिकामीच परत आणली आहे. चादरींच्या त्याच खणात आडवी ठेवली आहे. तुमच्या कपाटात कोणासाठी जपून ठेवलेलं काही असेल, तर ते माणूस समोर आहे तोवर उघडा.

सर्वांना शब्बाथ शालोम.